आयपीओ करून देणाऱ्या बँकर्सची सर्व्हिस कशी असते : लिस्टिंगनंतर वर्षभराने माझा रिव्ह्यू

आमच्या कंपनीचं लिस्टिंग, म्हणजे शेअर बाजारात नोंदणी, होऊन आता वर्ष झालं. तेव्हापासून ओळखीतल्या पाचसहा जणांनी, ज्यांच्या स्वतःच्या किंवा घरच्या कंपन्या आहेत त्यांनी, फोन करून तेच तेच विचारलंय, बँकर कोण घेतला होता, काम कसं केलं, फी किती लागली. प्रत्येकाला तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. बँकेचं नाव लिहिणार नाही, कारण जे खटकलं ते त्या एकाच बँकेचं आहे असं मला वाटत नाही, हा धंदाच तसा चालतो, आणि जे आवडलं ते बँकेपेक्षा तिथल्या दोनतीन माणसांमुळे आवडलं.

मी कंपनीत फायनान्स बघते, चौदा वर्षं झाली. कंपनी पंप आणि व्हॉल्व्ह बनवते, दोन भावांनी सुरू केलेली, मोठे साहेब फॅक्टरी बघतात, धाकटे साहेब सेल्स. नवीन प्लांट टाकायचा होता, कर्ज आधीच इतकं होतं की व्याजातच निम्मा जीव जायचा, आणि आठ वर्षांपूर्वी ज्या फंडाने आमच्यात पैसे घातले होते त्यांना आता बाहेर पडायचं होतं. म्हणून आयपीओ, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदाच सगळ्या लोकांना विकायला काढणं.

माझं मत आधीच सांगते. या सर्व्हिसमधला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे कागदपत्रांचं काम, ज्याबद्दल पिचच्या वेळी, म्हणजे काम मिळवायला बँका प्रेझेंटेशन देतात तेव्हा, कुणी अवाक्षर काढत नाही. आणि ज्याच्यावर पिचमध्ये सगळ्यात जास्त स्लाइड असतात, म्हणजे शेअरची किंमत, तिथे बँकर पूर्णपणे तुमच्या बाजूने उभा नसतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही बँक निवडताना वेगळे प्रश्न विचारले असते.

तर पिच. चार बँका आल्या. प्रत्येकाचं प्रेझेंटेशन साधारण सारखंच, पहिल्या दहा स्लाइड त्यांनी केलेल्या मोठ्या आयपीओंच्या, मग आमच्यासारख्या लिस्टेड कंपन्यांचा तक्ता, आणि शेवटी आमच्या कंपनीचं व्हॅल्युएशन, म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत. चारही आकडे वेगळे, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यात जवळजवळ दीडपटीचा फरक. धाकटे साहेब वरच्या आकड्यावर एकदम खूश. मोठे साहेब म्हणाले, "अहो, आपण आहोत तेच आहोत, मग हे चौघं चार आकडे कुठून काढतायत?" आम्ही शेवटी दुसऱ्या नंबरच्या आकड्याची, पण नावाने मोठी अशी बँक घेतली. सात महिन्यांनी जेव्हा खरा प्राइस बँड (शेअरच्या भावाची खालची आणि वरची मर्यादा) ठरला तेव्हा तो पिचमधल्या आकड्याच्या बराच खाली होता. त्यात बाजार थोडा पडला होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. पिचमधला आकडा काम मिळवण्यासाठी असतो, त्याला कसलीही बांधिलकी नसते, सही झाली की तो आकडा परत कुणी काढत नाही. आणि पिचला जे दोन सीनियर साहेब आले होते त्यातले एक नंतर मला थेट लिस्टिंगच्या दिवशी दिसले. रोजचं काम कोण करणार, त्या माणसांची नावं काय, त्यांच्या हातात त्याच वेळी आणखी किती इश्यू (कंपन्यांच्या शेअरविक्री) आहेत, हे पिचमध्येच विचारायला हवं होतं, आम्ही नाही विचारलं.

आता कागदपत्रांचं काम, यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

ड्यू डिलिजन्स, म्हणजे कंपनीची कसून तपासणी, हे मला पुस्तकातून माहीत होतं. प्रत्यक्षात काय असतं तर बँकेची एक असोसिएट, वय जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस, आणि बँकेच्या वकिलांकडचे दोन ज्युनियर, असे तिघं आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये येऊन बसले आणि पुढचे पाच महिने तिथेच. प्रॉस्पेक्टसचा, म्हणजे गुंतवणूकदारांना कंपनीची सगळी माहिती देणाऱ्या पुस्तकाचा, मसुदा एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला आमच्या फायली. मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याला नंबर, आणि प्रत्येक नंबराला एक कागद. कागद नसेल तर वाक्य काढायचं. पहिल्याच पानावर धाकट्या साहेबांनी मोठ्या हौसेने लिहून घेतलं होतं, "आम्ही या क्षेत्रातील आघाडीची कंपनी आहोत." तिने पेन्सिलने 'आघाडीची' भोवती गोल केला आणि विचारलं, "सर, याचा कागद?" साहेब म्हणाले, अहो मार्केटमध्ये कुणालाही विचारा. ती म्हणाली, "कुणालाही म्हणजे कुणाला सर? विक्रीनुसार, क्षमतेनुसार, की ग्राहकांच्या संख्येनुसार? आणि हे कुणी मोजलंय?" अर्धा तास चर्चा झाली आणि वाक्य गेलं. त्याच्या जागी आलं ते आमची वर्षाची क्षमता किती नग, गेल्या तीन वर्षांत त्यातली किती वापरली, आणि किती देशांत माल जातो. मी ते दोन्ही मसुदे जपून ठेवलेत. नवीन परिच्छेद वाचून कंपनी डोळ्यांसमोर उभी राहते, जुना वाचून काहीच कळत नाही.

मग गोडाऊन. आमचं तयार मालाचं गोडाऊन ज्या जागेवर आहे ती जागा मोठ्या साहेबांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या नावावर. पंधरा वर्षं कंपनी तिथे माल ठेवत होती, भाडं कधी दिलं कधी नाही, करार असा नव्हताच. घरातलंच आहे, कशाला करार. मलाही त्यात कधी काही गैर वाटलं नव्हतं, खरं सांगते. तिने जमिनीचे कागद मागितले, नाव बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, उद्या घरात काही झालं आणि वहिनींनी सांगितलं की गोडाऊन रिकामं करा, तर ज्याने शेअर घेतलाय त्याने कुणाकडे बघायचं?" मोठे साहेब त्या दिवशी उठून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि मलाच म्हणाले, रीतसर करार करून टाका, बाजारभावाने, दहा वर्षांचा. आणि तो व्यवहार प्रॉस्पेक्टसमध्ये संबंधित पक्षांच्या (मालकांच्या घरच्या किंवा जवळच्या लोकांशी झालेल्या) व्यवहारांत पूर्ण छापला गेला, नात्यासकट.

हे किती महत्त्वाचं असतं ते वीवर्क या ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या अमेरिकी कंपनीचं प्रकरण आठवलं की कळतं. २०१९च्या जानेवारीत तिचं खासगी व्हॅल्युएशन ४७ अब्ज डॉलर होतं. ऑगस्टमध्ये आयपीओचे कागद जाहीर झाले, लोकांनी ते वाचले, त्यात संस्थापकाच्या स्वतःची मालकी असलेल्या इमारती कंपनीनेच भाड्याने घेतलेल्या, कंपनीच्या नावातल्या एका शब्दाच्या ट्रेडमार्कसाठी संस्थापकाशी संबंधित कंपनीला ५९ लाख डॉलर देण्याची बाब, तोटा तर प्रचंड. ट्रेडमार्कचे पैसे नंतर परत केले पण साधारण दीड महिन्यात संस्थापकाला सीईओपद सोडावं लागलं आणि आयपीओ मागे घेतला गेला. धंदा त्या दीड महिन्यात बदलला नव्हता, फक्त बाहेरच्यांनी तो पहिल्यांदा नीट वाचला होता. आमचं गोडाऊन त्यापुढे अगदीच छोटं, पण जात तीच. आमच्या बाबतीत ते आधी आमच्याच कॉन्फरन्स रूममध्ये वाचलं गेलं आणि दुरुस्त झालं, याचं श्रेय मी पूर्णपणे त्या मुलीला देते.

हिशेबांचंही तसंच. तीन वर्षांचे आकडे पुन्हा तपासून घेतले गेले. आमच्याकडे वर्षअखेरच्या आठवड्यात फॅक्टरीच्या गेटबाहेर पडलेला माल त्याच वर्षाच्या विक्रीत धरायची पद्धत होती, आणि बऱ्याच करारांत मालाची जबाबदारी ग्राहकाकडे पोचेपर्यंत आमचीच असायची. म्हणजे ती विक्री पुढच्या वर्षाची. ती सरकवली आणि एका वर्षाचा नफा चांगलाच खाली आला, नेमकं मधलंच वर्ष, त्यामुळे वाढीचा सरळ वर जाणारा आलेख मधेच वाकला. हे माझ्या खात्यातलं काम होतं, मला तेव्हा फार लागलं. पण नंतर फंडवाल्यांसोबतच्या मीटिंगमध्ये त्या वाकलेल्या वर्षावर प्रश्न आला की मी सरळ उत्तर द्यायचे आणि पुढचे प्रश्न आपोआप मऊ व्हायचे. कागदपत्रांच्या या सगळ्या भागाला माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि शक्य असतं तर जास्त.

एक गोष्ट मात्र लोकांना माहीत नसते म्हणून मधेच सांगते. आयपीओतून येणारा सगळा पैसा कंपनीत येत नाही. नवीन शेअर काढले तर तो पैसा कंपनीत, जुन्या भागधारकाने स्वतःचे विकले तर तो त्याच्या खिशात. आमच्या इश्यूत दोन्ही होतं, त्यातला मोठा हिस्सा नवीन शेअरचा. आमच्या शॉप फ्लोअरवर कित्येकांना वाटत होतं की जाहिरातीतला पूर्ण आकडा प्लांटला येणार, आणि मग प्लांट इतका लहान का, म्हणून कुजबुज सुरू झाली. बँकेने यावर कर्मचाऱ्यांसाठी एक पानाची टीप तरी करून द्यायला हवी होती, मी मागितली, ते म्हणाले आता प्रॉस्पेक्टसबाहेर काही बोलायचं नाही. त्यांचं तसं बरोबरच होतं. शेवटी प्रॉस्पेक्टसमधलंच ते पान मी नोटीस बोर्डावर लावलं.

बोलायचं नाही यावरून. कागद दाखल झाल्यावर कंपनीने बाहेर काय बोलायचं यावर बंधनं असतात, देशोदेशी नियम थोडे वेगळे पण गाभा हाच की गुंतवणूकदाराने प्रॉस्पेक्टस वाचून ठरवावं, साहेबांच्या गप्पांवरून ठरवू नये. धाकट्या साहेबांनी डीलर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "लवकरच मोठी बातमी" असं टाकलं आणि वकिलांचा वीस मिनिटांत फोन. साहेब चिडले, एवढ्याशा वाक्यानं काय होतंय. मी त्यांना गूगलचं सांगितलं, २००४ मध्ये आयपीओच्या ऐन तोंडावर संस्थापकांची एका मासिकात मुलाखत छापून आली तर ती अख्खी मुलाखत त्यांना प्रॉस्पेक्टसला जोडावी लागली होती. मग त्यांनी मेसेज काढला. या बाबतीत वकिलांची सर्व्हिस अगदी चोख होती, रात्री अकरालाही फोन उचलायचे.

नियामकाकडून, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडून, प्रश्न आले, आम्ही उत्तरं दिली, पुन्हा आले, पुन्हा दिली. मसुदा नीट झाला असेल तर यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त वेळ जातो.

रोड शो, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांना भेटायचा दौरा, बरा झाला. दोन आठवड्यांत पन्नासच्या आसपास मीटिंगा, काही दिवस तर एका पाठोपाठ एक सात. बँकेच्या लोकांनी धाकट्या साहेबांना बोलायची तालीम दिली ती उत्तम होती, पण मोठ्या साहेबांना स्लाइडवर बोलताच येत नाही, ते घाबरून वाचायला लागायचे. तिसऱ्या दिवशी ते स्वतःहून बॅगेत एक कापलेला व्हॉल्व्ह घेऊन आले, आतला भाग दिसावा म्हणून उभा कापलेला असतो ना, ट्रेनिंगला वापरतात तो. एका फंडाच्या मॅनेजरने तो हातात घेतला, आतल्या सीटवर (जिथे व्हॉल्व्ह बंद होऊन बसतो त्या भागावर) अंगठा फिरवला आणि विचारलं, हे झिजल्यावर काय होतं. बास, पुढची चाळीस मिनिटं मोठे साहेब थांबले नाहीत, झिज, गळती, कोणत्या पाण्यात किती वर्षं टिकतो, बदलायला किती तास लागतात, सगळं. त्या फंडाने आमच्या शेअरसाठी मोठी ऑर्डर टाकली. बँकेच्या प्रतिनिधीने नंतर सांगितलं की पुढच्या मीटिंगला व्हॉल्व्ह नको, वेळ जातो. साहेबांनी ऐकलं नाही आणि बरं केलं. तुमच्याकडे दाखवण्यासारखी वस्तू असेल तर न्याच, बँकर काहीही म्हणो.

आता किंमत.

बुक, म्हणजे कुणी किती शेअर कुठल्या भावाला मागितले याची नोंद, बंद झालं त्या रात्री आम्ही सगळे कॉलवर. मागणी उपलब्ध शेअरच्या कित्येक पट, त्यातली बहुतेक बँडच्या वरच्या टोकाला. साहजिकच धाकटे साहेब म्हणाले, मग बँड वाढवता येत असेल तर बघू, नाहीतर निदान वरच्या टोकाला तरी करू. बँकेचे मुख्य साहेब म्हणाले, "आम्ही वरच्या टोकाच्या थोडं खाली सुचवू. गुंतवणूकदारांसाठी टेबलवर काहीतरी ठेवलं पाहिजे." मी विचारलं, किती ठेवायचं हे कोण ठरवतं? त्यावर त्यांनी मला समजावलं की बुकातली मागणी फुगलेली असते, आपल्याला मागू तितके मिळणार नाहीत हे माहीत असल्यामुळे सगळे जास्त मागतात, ती खरी धरू नका. हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण त्याच बँकेकडे तेच फंड दर महिन्याला नवीन इश्यू घ्यायला येतात आणि आमची कंपनी त्यांच्याकडे आयुष्यात एकदाच येणार. एका टेबलावर दोन गिऱ्हाइकं बसलेली, एक रोजचं आणि एक एकदाचं. त्यातून काय होतं ते सांगायला कुणी वाईट असावं लागत नाही. तासाभराच्या ओढाताणीनंतर आम्ही त्यांचंच ऐकलं, कारण रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि या बाबतीत आमच्या बाजूने बोलणारा स्वतंत्र माणूस त्या कॉलवर नव्हता.

लिस्टिंगच्या दिवशी शेअर ३४ टक्के वर बंद झाला. फोटो, घंटा, हार, सगळे टाळ्या वाजवतायत. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू, चौदा वर्षं ज्या कंपनीचे हिशेब लिहिले तिचं नाव स्क्रीनवर बघून डोळे भरून आले. पण संध्याकाळी हॉटेलवर मोठ्या साहेबांनी रिकाम्या पाकिटाच्या मागे गणित मांडलं. त्यांचंच गणित सोप्या आकड्यांत सांगते. समजा १०० ला एक असे २० लाख शेअर विकले, म्हणजे २० कोटी आले. संध्याकाळी भाव १३४. फरक ३४ चा, गुणिले २० लाख, म्हणजे ६ कोटी ८० लाख. हा पैसा ज्यांना इश्यूत शेअर मिळाले होते त्यांचा झाला. बँकेची फी ज्यावर आम्ही तीन आठवडे घासाघीस केली होती ती याच्यापुढे कितीतरी लहान, आणि यावर आम्ही घासाघीस केली फक्त एक तास, तीही मध्यरात्री.

हे आमच्यापुरतं नाहीये. अमेरिकेत १९८०पासूनच्या आयपीओंचा हिशेब बघितला तर पहिल्या दिवसाची सरासरी वाढ १८-१९ टक्क्यांच्या आसपास येते, आणि १९९९-२०००च्या तेजीत ती ६५ टक्क्यांच्या घरात होती. डिसेंबर १९९९ मध्ये व्हीए लिनक्स नावाच्या कंपनीचा शेअर ३० डॉलरला दिला आणि त्याच दिवशी २३९ च्या वर बंद झाला. पेपरवाल्यांनी त्याला यश म्हटलं. कंपनीच्या तिजोरीत मात्र ३० च्या हिशेबानेच पैसे आले, आणि शेअर तर पुढच्या वर्षभरात कोसळलाच. थोडं खाली ठेवणं मला मान्य आहे, नवीन कंपनीवर पैसे लावणाऱ्याला जोखमीचा मोबदला मिळायला हवा, आणि लिस्टिंगलाच भाव पडला तर कंपनीचं नाव कायमचं खराब होतं. पण १० टक्के आणि ३४ टक्के यात फरक आहे आणि तो फरक कुणीतरी आमच्या बाजूने मोजायला हवा होता.

दुसरे मार्ग आहेत का? आहेत. गूगलने २००४ मध्ये लिलावासारखी पद्धत वापरली, कोणीही बोली लावावी आणि त्यावरून भाव ठरावा, बँकांच्या मर्जीतल्या गिऱ्हाइकांना आधी वाटप नको म्हणून. आधी १०८ ते १३५ डॉलरचा बँड होता, तो खाली आणावा लागला, शेवटी ८५ ला दिला आणि पहिल्या दिवशी साधारण १०० ला बंद झाला. म्हणजे तिथेही वाढ झालीच, पण जगभर सगळे बघत असताना १८ टक्क्यांत. स्पॉटिफायने २०१८ मध्ये थेट लिस्टिंग केलं, नवीन शेअर विकलेच नाहीत, जुन्या भागधारकांचे शेअर सरळ बाजारात. त्यात कंपनीला नवीन पैसा मिळाला नाही, त्यांना नको होता. आम्हाला प्लांट बांधायचा होता, त्यामुळे तो मार्ग आमच्यासाठी नव्हताच. मध्यम कंपनीला शेवटी बुक बिल्डिंगच, म्हणजे आम्ही केलं तसं मागणी नोंदवून भाव ठरवणंच, करावं लागतं. पण मग स्वतंत्र सल्लागार घ्या, जो इश्यू विकत नाही, ज्याला वाटपात काही रस नाही, फक्त किंमत आणि वाटप यावर तुमच्या बाजूने बोलेल. त्याची फी वाचलेल्या पैशांत सहज निघते असं माझं ठाम मत झालंय. पाचपैकी दोन देते मी या भागाला.

ग्रीन शूबद्दल दोन वाक्यं, कारण धाकट्या साहेबांना ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या ग्रीन शू मॅन्युफॅक्चरिंग नावाच्या बूट बनवणाऱ्या कंपनीच्या इश्यूत ही सोय आली म्हणून हे नाव. बँक ठरल्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांपर्यंत जास्त शेअर वाटते, भाव पडला तर बाजारातून विकत घेऊन ते भरून काढते आणि त्या खरेदीमुळे भावाला आधार मिळतो, भाव वर गेला तर कंपनी तेवढे शेअर जास्त देते. २०१२ मध्ये फेसबुकचा शेअर ३८ डॉलरला आला, पहिल्या दिवशी बँकांनी तो ३८ च्या खाली जाऊ नये म्हणून जोर लावला, बंद झाला ३८.२३ ला, आणि सप्टेंबरपर्यंत तो १८ च्या खाली गेला होता. म्हणजे आधार काही दिवसांचाच असतो. आमचा भाव वरच होता त्यामुळे आम्ही जास्तीचे शेअर दिले, जास्तीचा पैसा आला, आणि ही प्रक्रिया बँकेने अगदी व्यवस्थित, दिवसाच्या दिवशी हिशेब देऊन केली.

खर्चाचं म्हणाल तर बँकेची फी ही उभारलेल्या रकमेच्या टक्क्यांत असते. अमेरिकेत मध्यम आकाराच्या इश्यूंना वर्षानुवर्षं बरोबर ७ टक्के लागत आलेत, जणू छापील दर असावा तसे, बाकी अनेक ठिकाणी कमी असतात. पण आम्ही बजेट केलं ते बँकेच्या फीचं, आणि बिलं आली ती बाकीच्यांची, दोन्हीकडचे वकील, पुन्हा ऑडिट, रजिस्ट्रार (शेअरचे अर्ज आणि वाटप सांभाळणारी संस्था), छपाई, जाहिराती, एक्स्चेंज, विमा. यातली बरीच बिलं इश्यू झाला नाही तरी द्यावीच लागतात. आणि कुठल्याच बिलात नसलेला खर्च म्हणजे माझी दोन माणसं वर्षभर दुसरं काहीच करत नव्हती, त्या काळात आमची वसुली ढिली पडली आणि त्याचा फटका पुढच्या तिमाहीत दिसला. ज्यांना सहा महिन्यांत पैसा हवाय त्यांनी या वाटेला जाऊच नये.

रजिस्ट्रारचं काम मला आवडलं. हजारो लहान अर्ज, आणि एकही तक्रार माझ्यापर्यंत आली नाही. आमच्या डिस्पॅचमधल्या एकाने अर्ज केला होता, त्याला शेअर लागले नाहीत, पण का लागले नाहीत याचं उत्तर त्याला दोन दिवसांत मिळालं आणि पैसे आपोआप मोकळे झाले. तो नाराज होता, मी त्याला ॲम्स्टरडॅमची गोष्ट सांगितली. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने भांडवल गोळा केलं तेव्हा सनदेतच लिहिलं होतं की देशातल्या कुणाही रहिवाशाला भाग घेता येईल, आणि ज्या व्यापाऱ्याच्या घरात नोंदवही ठेवली होती तिथल्या मोलकरणीनेही शेवटच्या दिवशी आपल्या शिलकीतले १०० गिल्डर नोंदवले. तो म्हणाला, "मॅडम, तिला लागले ना पण." त्याने नंतर बाजारातून घेतले, महाग घेतले, आणि अजून ठेवलेत. वाटपाचा विषय निघाला की मला तो आठवतो.

लिस्टिंगनंतरची सर्व्हिस मात्र निराशाजनक. पिचमध्ये सांगितलं होतं की आमचा अॅनालिस्ट नियमित कव्हरेज देईल, म्हणजे तुमच्या शेअरवर रिपोर्ट लिहीत राहील, गुंतवणूकदारांशी गाठी घालून देऊ, दर तिमाहीला सोबत असू. संशोधन विभाग वेगळा असतो आणि बँकर त्याच्या वतीने शब्द देऊ शकत नाही हे मला आता कळतं, मग पिचमध्ये बोलायचं कशाला? एक रिपोर्ट आला, त्यानंतर नाही. सहा महिन्यांनी लॉक-इन (जुन्या भागधारकांवरची शेअर विकायची बंदी) संपलं, जुन्या फंडाचे उरलेले शेअर विकायला मोकळे झाले, आणि त्या आठवड्यात भाव झपाट्याने खाली आला. ही तारीख सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. कुणी आधी फोन करून सांगितलं असतं की असं होऊ शकतं, तुमच्या लोकांना तयार ठेवा, तर आमच्या कामगारांपैकी तिघांनी घाबरून पडत्या भावात विकले नसते. मी फोन केला तर समोरच्याने मला आपली ओळख पुन्हा सांगायला लावली. या भागाला एक.

एवढं सगळं असून दुसऱ्या कुणाला ही सर्व्हिस घ्या म्हणेन का? हो म्हणेन, पण माणसं बघून. आमची ती असोसिएट आता दुसऱ्या बँकेत गेली आहे, पुढे कधी आम्हाला आणखी भांडवल लागलं तर मी आधी ती कुठे आहे ते शोधीन.

गेल्या महिन्यात लिस्टिंगनंतरची आमची पहिली वार्षिक सभा झाली. मागच्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ बसले होते, मांडीवर आमचा प्रॉस्पेक्टस, आख्खा छापून घेतलेला, कडेने पिवळ्या चिठ्ठ्या. माइक मिळाल्यावर त्यांनी नफ्याबद्दल विचारलं नाही, भावाबद्दल विचारलं नाही. म्हणाले, "यात लिहिलंय की गोडाऊनची जागा प्रवर्तकांच्या कुटुंबाची आहे आणि दहा वर्षांचा करार केलाय. भाडं ठरल्याप्रमाणेच जातंय का, की वाढवलं?" मोठ्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून सांगितलं, ठरल्याप्रमाणेच जातंय, वार्षिक अहवालात संबंधित पक्षांच्या टिपेत महिन्याचा आकडा दिलाय. त्यांनी अहवाल उघडला, पान शोधलं, दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडे जुळवले, पेनने बरोबरची खूण केली आणि माइक पुढच्याकडे दिला.